बदामबाईंनी सोडलेलं जाळं

माझी सासू नर्मदेच्या पाण्यात उतरली, तेही छातीएवढ्या, हे तळोद्यात अजून कुणाला खरं वाटत नाही. परवा दुकानात साड्या बघता बघता रंजनाबाई म्हणाल्या, "अल्पनाभाभी, काहीबी सांगी ऱ्हायनी तू." घ्या. एरवी मी बोलण्याला तिखटमीठ लावते, नाही कशाला म्हणू. पण या गोष्टीला ते लावायला जागाच नाही.

सासूचं नाव बदामबाई. आमच्या मारवाडी घरात सासूला बाईच म्हणतात, म्हणून मीही बाई म्हणते. बाई लग्न होऊन तळोद्यात आल्या त्या वर्षी त्यांनी महासतीजींसमोर, म्हणजे आमच्या जैन साध्वींसमोर, हात जोडून एक त्याग घेतला, न गाळलेल्या पाण्यात उतरायचं नाही. पाण्याच्या थेंबाथेंबात जीव, नदीत पाय घातला की त्यांची हिंसा. तेव्हापासून प्रकाशा गावी तापीकाठी सगळी बायकामंडळी पाय सोडून बसली तरी बाई वरच्या पायरीवर, साडी आवरून. घरात नळाला फडकं बांधलेलं असतं, आणि ते फडकं मी नीट पिळलं नाही तर दिवसभर माझं काही खरं नसतं.

अशा घरात माझी प्रियल जन्मली. पोरगी पाण्यासाठी वेडी. सुट्टीत नाशिकला माझ्या भावाकडे जाऊन पोहायला शिकून आली, आणि पोहतानाचा व्हिडिओ तिच्याच भोळ्या बापाने बाईंना दाखवला. बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या माझ्याशी बोलायच्याच थांबल्या. भाजीत मीठ कमी असेल तर ते प्रियलला सांगायच्या, आणि प्रियल मला.

त्यात प्रियलला समुद्र बघायचा होता. मासे, बेट, स्नॉर्कलिंग, सगळं. पण लग्नसराईत कापडाचं दुकान सोडून कोकणात कोण जाणार? शेवटी अंकितने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मोबाइलवर धडगावकडचा एक पोरगा शोधून काढला. राजेंद्र नाव. नर्मदेवरच्या धरणाच्या फुगवट्यात डोंगर बुडाले आणि काही शेंडे तेवढे वर राहिले, त्यातल्या एका बेटावर तो लोकांना अर्ध्या दिवसाला नेतो. बोट, पाण्याखालचे मासे, आणि एक गुहा, जिच्यात पोहत जावं लागतं.

"मी पण येते," बाई म्हणाल्या.

आम्ही तिघंही बघत राहिलो. बाई म्हणाल्या, बोटीत बसायला कुठे मनाई आहे, मी पाण्याला हात लावणार नाही. खरं कारण मला ठाऊक होतं. नात पाण्यात असताना त्यांना घरी घास गेला नसता. पण हे त्या मला कशाला सांगतील.

सकाळी घाट चढून, पलीकडे उतरून आम्ही काठावर पोचलो. राजेंद्रने सगळ्यांना नारंगी लाइफ जॅकेट घातली. बाईंच्या बांधणीच्या साडीवर ते जॅकेट बसलेलं बघून मला हसू आवरेना, आणि बाईंनी ते बरोबर बघितलं.

पाणी मात्र सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. हिरवंगार आणि थंड. बोट बेटाजवळ आली तसा राजेंद्रने हात केला. समोरच्या काठावर गाळात एक मगर ऊन खात पडली होती. मी दोन्ही हातांनी बोटीची कड धरली. अंकित फोटो काढत सुटला. बाईंनी मगरीला हात जोडले आणि म्हणाल्या, "तिलाही सुख असो."

"ती तिथेच असते, ताई," राजेंद्र मला म्हणाला. "तिचा काठ तो, आपला हा."

हे ऐकून माझं समाधान झालं असेल असं त्याला वाटलं बहुतेक.

आधी उथळ उतारावर स्नॉर्कलिंग झालं. प्रियल आणि अंकित तोंडात नळी धरून पालथे तरंगत होते. खाली दगडांचे बांध दिसतात म्हणे, ओळीने. राजेंद्रच्या आजोबांची ज्वारी त्या उतारावर पिकायची, आता तिथे मासे फिरतात. प्रियल दर मिनिटाला डोकं वर काढून ओरडायची, "मम्मी, कासव. मम्मी, इतका मोठा मासा." मी बोटीतूनच हुंकार भरत होते, राजेंद्र मगरीवर नजर ठेवून होता.

मग गुहा. बेटाच्या एका बाजूला अरुंद घळ आहे, तिच्या टोकाला गुहेचं तोंड. घळीच्या दारात एकीकडे खडक, दुसरीकडे बुडालेल्या सागाचं खोड पाण्यातून वर आलेलं. राजेंद्रने बोट खोडाला बांधली आणि खडकापासून खोडापर्यंत एक जाळं ताणलं. वर तरंगणारी दोरी, खाली वजनं.

"हे मासे धरायला नाही," तो म्हणाला. "आत गेलं की मगर नजरेत राहत नाही, म्हणून आपण आत असताना बाहेरचं कुणी आत नको. मगर जाळ्याला बिचकते. आजवर इकडे आली नाही कधी, पण जाळं बांधल्याशिवाय मी कुणाला आत नेत नाही."

हे त्याने मला सांगितलं, अंकितला सांगितलं, प्रियलला तर दोनदा सांगितलं. बाईंना सांगितलं नाही, कारण बाई सामायिकात, म्हणजे ध्यानाला, बसल्या होत्या. बोटीच्या टोकाला आसन पसरून, तोंडाला मुहपत्तीची पट्टी बांधून, डोळे मिटून. पाऊण तास एका जागी, बोलणं नाही, उठणं नाही. बाई सामायिकात असल्या की शेजारी भिंत पडली तरी त्यांच्या पापणीला खबर नसते.

राजेंद्र, अंकित आणि प्रियल दोरी दाबून तिच्यावरून आत शिरले. गुहेच्या तोंडात त्यांचे टॉर्च दिसले, मग दिसेनासे झाले. राजेंद्रने मला आधीच खडकावर उतरवलं होतं, मी थोडं वर सपाटीला सतरंजी घातली आणि डबे मांडायला घेतले. थेपले, लोणचं, खाकरे. चार माणसांचं आणलं होतं, पण राजेंद्रला उपाशी कसं ठेवणार, म्हणून वाटण्या पुन्हा केल्या.

तेवढ्यात बोटीतून बाईंचा आवाज आला. खूश आवाज. कित्येक महिन्यांत त्यांनी मला अशी हाक मारली नव्हती.

"अल्पना, जीव सोडवले बघ. किती तडफडत होते बिचारे."

मी वाकून बघितलं. सामायिक पुरी झाली होती, आसन घडी करून ठेवलं होतं. जाळ्यात काही मासे गुंतले होते. बाईंच्या नजरेला ते पडले. जाळं म्हणजे हिंसा, एवढंच त्यांना माहीत. आमच्याकडे पर्युषणात पैसे देऊन पोपट, कोंबड्या सोडवतात, इथे तर फुकटात होत होतं. हाताने मासे निघेनात, म्हणून त्यांनी सरळ खोडावरची गाठ सोडून दिली. जाळं सैल झालं, मासे सुटले, आणि जाळ्याचं मोकळं टोक वाहत आत गेलं. घळीचं दार सताड उघडं.

मी समोरच्या काठाकडे बघितलं. गाळ तसाच होता, पडल्याची खूण तशीच होती. मगर नव्हती.

त्या वेळी मला काय झालं ते मला सांगता येत नाही. मी ओरडले, "बाई, ते मगरीसाठी होतं. पोरगी आत आहे."

बाईंनी वळून काठाकडे बघितलं. मग गुहेकडे. मी पुढे काहीतरी ओरडतच होते, पण त्यांना ऐकू येत नसावं. त्यांनी आधी बोटीतून हात लांब केला, दोरी हाताला आली नाही. बोटीतला बांबू घेतला, तो पुरला नाही. मग माझ्या सासूने मुहपत्ती काढून आसनावर ठेवली, बोटीच्या कडेवर बसली आणि पाण्यात उतरली.

पोहता येत नाही बाईला. पाय खाली लागेल की नाही हेही माहीत नाही. साडी फुगून वर आली, जॅकेट गळ्यापर्यंत सरकलं, आणि मला वाटलं, गेली. पण पाय लागले. छातीएवढ्या पाण्यात चाचपडत चाचपडत ती दोरीपाशी गेली, दोरी ओढत परत खोडापाशी आली. गाठ काही तिला मारता येईना. मग एक हात खोडाभोवती घातला, दुसऱ्या हातात दोरी धरली, जाळं ताणलं आणि तशीच उभी राहिली. डोळे मिटलेले. ओठ हलत होते. नवकार मंत्र म्हणत होती.

मी काय करणार होते? मला ना पोहता येतं, ना नेम धरून दगड मारता येतो. मी डब्यातले थेपले पाण्यात ओतले, स्टीलचा डबा खडकावर आपटायला लागले आणि "अंकित, प्रियल" म्हणून गळा फाडून ओरडायला लागले. पाणी मध्येच कुठे हललं की डबा अजून जोरात. तो डबा आता माळ्यावर आहे, त्याचं झाकण लागत नाही.

गुहेतून टॉर्च दिसला. पुढे राजेंद्र, मध्ये प्रियल, मागे अंकित. राजेंद्रने एक नजर टाकली आणि त्याला कळलं. त्याने प्रियलला ढकलत बोटीपर्यंत आणलं, वर चढवलं, अंकितला चढवलं.

प्रियलच्या गावीही काही नव्हतं. "मम्मी, आत वटवाघळं आहेत, आणि वरून ऊन येतं एका भोकातून, आणि..." मग तिने खाली बघितलं. "दादी पाण्यात काय करतेय?"

दादीची बोटं दोरीवरून सुटेनात. राजेंद्र आणि अंकितने एकेक बोट उलगडून त्यांना वर घेतलं. बाईंनी डोळे अजून उघडले नव्हते. "प्रियल आली?" एवढंच विचारलं.

"आली, आजी," राजेंद्र म्हणाला. "सगळे आले."

तेव्हा कुठे बाईंनी डोळे उघडले. राजेंद्रने मला खडकावरून बोटीत घेतलं. मी प्रियलला धरलं, सोडलं, परत धरलं, तिच्या ओल्या डोक्याचे मुके घेतले, आणि नंतर खुशाल भोकाड पसरून रडले. इतकं हलकं मला लेक जन्मली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. मगर कुठे होती म्हणाल, तर राजेंद्रने थोड्या वेळाने बोट करून दाखवली. दूर पलीकडे, तिच्याच काठाला धरून, नुसतं नाक आणि डोळे वर. निम्म्या वाटेला आली असेल, नसेलही. "तुमच्या डब्याने ती आठवडाभर इकडे फिरकायची नाही, ताई," तो म्हणाला, आणि आम्ही सगळे वेड्यासारखे हसलो. बाई सोडून.

थेपल्यांचं विचारलं अंकितने. माशांनी खाल्ले म्हटलं. चला, तेवढीच जीवदया. खाकऱ्यांवर भागवलं. राजेंद्रने सांगितलं, आजी उभ्या होत्या तो त्याच्या आजोबांच्या शेताचा बांध, त्याच्या एक पाऊल पुढे तळच नाही. बाईंनी खाकरा तसाच खाली ठेवला. मी माझी शाल त्यांच्या ओल्या साडीवरून गुंडाळली, त्यांनी गुंडाळू दिली.

घरी आल्यावर आठ-दहा दिवस बाई गप्प. फक्त माझ्याशी नाही, सगळ्यांशीच. इतक्या वर्षांचा त्याग मोडला होता. दोन वेळा माळ, एकाशनाचं एकवेळ जेवण, तरी चेहऱ्यावर समाधान नाही. मग महासतीजी पायी विहार करत तळोद्याला आल्या, तेव्हा बाई मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. आलोचना घ्यायची आहे."

आलोचना म्हणजे झालेलं पाप गुरूंपुढे सांगायचं, मनापासून पश्चात्ताप करायचा, आणि त्या देतील ते प्रायश्चित्त घ्यायचं. एरवी हे एकट्याने करतात. मला का नेलं, कळेना. साध्वी उतरतात त्या जैन स्थानकात मी दाराजवळ बसले.

बाईंनी वंदना केली आणि सगळं सांगितलं. मासे, गाठ, जाळं. "न विचारता दुसऱ्याचं जाळं सोडलं. माझ्या हाताने नात मेली असती. याचा मला फार पश्चात्ताप आहे." महासतीजींनी प्रायश्चित्त म्हणून दोन उपवास दिले. बाईंनी हात जोडून घेतले.

"आणि पाण्यात उतरल्याचं?" महासतीजींनी मऊपणे विचारलं. "तुमचा त्याग होता ना?"

मी दारापासून थोडी पुढे सरकले.

"ते सांगायलाच आले होते," बाई म्हणाल्या. "पाप झालं, ते माझ्या नावावर राहू द्या. त्याची आलोचना मला घेता येत नाही. आठ दिवस प्रयत्न केला, पश्चात्ताप होतच नाही. तुमच्यासमोर खोटं कसं बोलू?"

महासतीजींनी आशीर्वादाचं मांगलिक म्हटलं आणि आम्हाला जायला सांगितलं.

पायऱ्या उतरून मी चपला शोधत होते आणि डोळ्यांतल्या पाण्यामुळे मला माझ्या दिसेनात. बाईंनी वाकून माझ्या चपला उचलल्या आणि माझ्या पायाशी ठेवल्या.

"उन्हाळ्यात तू पण जा नाशिकला," त्या म्हणाल्या. "नुसता डबा वाजवून कसं चालेल."