कंट्रोलरसमोरची खुर्ची

"काका, तो व्हिडिओ काढून टाका. आत्ताच्या आत्ता."

नीलेश चपला न काढताच घरात शिरला होता. असं शिरलेल्या माणसाला पाणी विचारण्यात अर्थ नसतो. तरी धनंजयराव गडवा घेऊन उभे राहिलेच.

"बस तर खरं, बापू."

"बसाले टाइम नाई. बाबा तुमच्यापाशी काय बोलून गेले, समजलं नाई काय तुमाले? म्हने, 'माह्या घरात मले कोनी काई इचारत नाई.' आख्ख्या आर्वीत फिरून राह्यली त्या व्हिडिओची लिंक! कृषी केंद्रावर बियाणं घ्याले आलेला मानूस मले म्हन्ते, 'काऊन गा नीलेश, बापाले इचारत जाय ना जरा!' बायको रडून राह्यली घरी. आमी काय बाबाले उपाशी ठेवलं?"

"उपाशी नाई म्हटलं रे त्याईनं..."

"काढता का नाई?"

धनंजयरावांनी काढला. यूट्यूबवरून काढला. नीलेशनं त्यांचा फोन घेऊन त्यातल्या गॅलरीतूनही तो व्हिडिओ उडवला, कचऱ्याच्या डब्यातूनही उडवला आणि पाण्याला हात न लावता निघून गेला.

आता यात चूक कुणाची म्हणायची? धनंजयरावांची उभी हयात आर्वीच्या बसस्टँडवर, चौकशीच्या खिडकीत गेलेली. सगळं गाव त्यांना कंट्रोलर म्हणे. जगानं विचारायचं आणि यांनी सांगायचं. पुलगाव कधी? वर्धा लागली का? आवाज अख्ख्या तालुक्याच्या कानात बसलेला, पण या गृहस्थानं स्वतः कुणाला काही विचारलं असेल तर शपथ. बायकोलासुद्धा नाही. छायाबाई वारल्यावर एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, की तिला माहेरी लाडानं काय म्हणत, हेही आपण कधी विचारलं नाही. आता विचारायला कुणी उरलं नव्हतं.

रिटायर झाले आणि घर खायला उठलं. लेक अंकिता पुण्याला. तिनं फोनचा स्टँड आणि कॉलरला लावायचा माइक पाठवून दिला. म्हणाली, "बाबा, आवाज चांगला हाय तुमचा, लोकाईच्या मुलाखती घ्या." झालं. बैठकीत समोरासमोर दोन खुर्च्या आल्या आणि 'या, बसा' नावाचं यूट्यूब चॅनल सुरू झालं.

आधी त्यांनी टीव्हीवाल्यांची नक्कल केली. लग्नातला कोट चढवला, टेबलावर हात आपटला आणि स्टँडवर पोहे विकणाऱ्या आनंदाबाईंवर गरजले, "जनतेला उत्तर पाहिजे!" आनंदाबाई घाबरून उठल्याच. "अवो कंट्रोलर, म्या कोनाचं काय चोरलं बाप्पा?" मग कोट गेला, पण खोड जाईना. पाहुण्याची ओळख ते अशी करून देत, की हा माणूस आता कोणत्या फलाटावर लागतोय, असं ऐकणाऱ्याला वाटे.

स्वतःचा ढंग सापडला तो ओल्या तुरीच्या दिवसांत. ते सुपात शेंगा घेऊन सोले काढत बसले होते आणि पाहुणा वेळेआधीच आला. बसल्याबरोबर त्याचेही हात सुपात गेले. आपल्याकडे समोर शेंगा असल्या, की कुणी हातावर हात ठेवून बसत नाही. हात चालू लागले, मान खाली गेली आणि तो माणूस आपोआप बोलायला लागला. कॅमेरा विसरूनच गेला. तेव्हापासून धनंजयरावांनी कागद सोडला. मध्ये सूप ठेवायचं. शेंगा असोत, लसूण असो, अंबाडीची भाजी असो. एक साधा प्रश्न विचारायचा आणि गप्प राहायचं. समोरचा थांबला तर आपणही थांबायचं, कुणाची गाडी सुटत नव्हती. निवडलेलं निम्मं पाहुण्याबरोबर बांधून द्यायचं, कारण एकट्या माणसाला किती लागतं?

पाहणारे एरवी चाळीस-पन्नास. खरं सांगायचं तर एकही नसता तरी चाललं असतं. रविवारी समोरच्या खुर्चीत कुणीतरी येऊन बसावं, एवढ्यासाठीच तो सगळा खटाटोप होता.

तिथं नीलेशचे वडील डोमाजी येऊन बसले. कापसाच्या जिनिंग कारखान्यात जन्म काढलेला माणूस. शेंग सोलता सोलता म्हणाले, "जिनात मशिनीपायी बोलता येत नोहतं. आता शांतता हाय, तर..." आणि पुढे ते वाक्य आलं, ज्यानं नीलेशचं डोकं फिरवलं.

व्हिडिओ गेला, पण बोभाटा राहिला. कंट्रोलरपुढे बसलं की पोटातलं ओठावर येतं, अशी कीर्ती झाली आणि तीच नडली. "मी नाई येत बा," किराणावाले महादेवराव हात जोडून म्हणाले, "माह्या तोंडाले कुलूप नाई." धनंजयराव दर शनिवारी फोन करत. कुणाकडे लग्न निघे, कुणाची कंबर धरे. तरी रविवारी ते दाढी करून, माइक लावून बसत. दुपार सरली की माइक काढून डबीत ठेवत आणि कधीकधी रडत. रडताना कुणी पाहील, याची मात्र भीती नव्हती.

उन्हं तापू लागली होती. एका रविवारी दारात ऑटो थांबला. नीलेश उतरला आणि त्यानं काखेत हात घालून डोमाजींना उतरवलं. उजवा हात लोंबत होता, तोंड वाकडं झालं होतं. महिन्यापूर्वी लकवा मारला होता. सेवाग्रामच्या दवाखान्यात जीव वाचला, पण वाचा गेली.

या खेपेला नीलेशनं चपला बाहेर काढल्या.

"काका, तो व्हिडिओ... असंल ना तुमच्यापाशी कुठी?"

"तुह्यासमोरच गेला ना तो, बापू."

"हौ. म्याच उडवला." तो भिंतीला टेकून खालीच बसला. "फोटो ढिगानं हायेत बाबाचे. आवाज एक बी नाई. पोट्टी इचारते, आबा कसे बोलत होते?"

धनंजयरावांनी डोमाजींना खुर्चीत नीट बसवलं, पाठीमागे उशी दिली आणि समोर बसले.

"आवाज तर नाई देता येत मले. पन काय बोलले ते सांगतो. सगळं ध्यानात हाय."

आणि ते सांगू लागले. डोमाजींच्याच शब्दांत, ते जिथं थांबले होते तिथं थांबत. नवी नवरी डबा घेऊन जिनाच्या फाटकावर आली, हाका मारून थकली, मशिनीच्या आवाजात काही ऐकू जाईना. शेवटी तिनं कापसाचा गोळा करून नवऱ्याच्या पाठीत फेकून मारला, आणि सगळं जिन हसलं. डोमाजींच्या वाकड्या ओठांतून लाळ आली. ते हसत होते. नीलेश तोंड उघडं ठेवून ऐकत होता. आईची ही गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती. मग जिन बंद पडलं. मग बायको गेली.

"बस," धनंजयराव म्हणाले, "एवढंच बोलले."

डोमाजींनी डाव्या हातानं खुर्चीचा दांडा ठोकला. पुन्हा ठोकला, जोरात.

"पानी पाह्यजे काय, बाबा?"

त्यांनी नाही अशी मान हलवली. नजर धनंजयरावांवरून हलेना. धनंजयराव खिडकीकडे पाहू लागले. नीलेशच्याही लक्षात आलं. बापाच्या पायांकडे पाहत तो हळूच म्हणाला, "सांगा, काका. ते बी सांगा."

धनंजयरावांनी जन्मभर भोंग्यावरून गावांमागून गावं सांगितली होती, आवाज कधी अडखळला नव्हता.

"माह्या घरात," ते म्हणाले, "मले कोनी काई..."

पुढचं येईना. डोमाजींच्या मागे धनंजयरावांना आपलंच स्वयंपाकघर दिसत होतं, सकाळचं एक ताट अजून मोरीत पडलेलं.

"...इचारत नाई," ते कसेबसे म्हणाले.

नीलेश गुडघ्यांत डोकं घालून रडत होता. वाटलं, डोमाजी आता लेकाच्या डोक्यावरून हात फिरवतील. त्यांनी डावा हात उचलला, पुढे नेला आणि धनंजयरावांच्या गुडघ्यावर ठेवला.