दोन्ही कंपन्यांची मामी

"मामी, भंगारवाला आलाय. सुट्या भागांचे खण रिकामे करा," कल्पेश म्हणाला, तेव्हा दमयंतीमामी एका उघड्या पीएसपीवर वाकल्या होत्या.

मामींनी मान वर केली नाही. "बटन बसवते. मंग बोल."

नवीन पनवेलच्या त्या दुकानात मामी बारा वर्षं पीएसपी आणि दुसऱ्या, स्पर्धक कंपनीचा डीएस असे हातात धरून खेळायचे व्हिडिओगेम दुरुस्त करत होत्या. खेळता मात्र एकही येत नसे. बटणं तपासायला गेम लावायच्या, पहिल्याच मिनिटाला मरायच्या आणि समाधानाने झाकण बसवायच्या. दुकान कल्पेशचं. नात्याने नणंदेचा मुलगा, पण शेवटी मालक तो मालकच.

"दोन्ही कंपन्यांची नवी मॉडेल्स आलीत, पण घेतंय कोण? सगळे मोबाईलवर खेळतात. दुरुस्ती बंद करतोय. तुम्ही मोबाईल कव्हरच्या काउंटरला बसा ना. आरामाचं काम."

"मंग जिंकला कोन? डीएस का पीएसपी?"

"दोघंही हरणार."

गिऱ्हाइकं याच प्रश्नावर हमरीतुमरीवर यायची, पण मामींनी कधी कुणाची बाजू घेतली नव्हती. त्यांची आई गव्हाणची धवलारीण, धवले गाऊन आगऱ्यांची लग्नं लावणारी. धवलारणीला नवरीकडचं आणि नवऱ्याकडचं असं काही नसतं.

"माज्या आयेला पन लोक बोलले, आता बँड आला, तुला कोन इचारतो? ती बोलली, बँड खुशाल वाजवा, लगीन मीच लावनार. मरेपर्यंत लावली तिनी."

"मामी, हा धंदा आहे. सेंटिमेंटल होऊ नका."

"धंदाच बोलते मी. नवा माल बंद झाला, तर जुना बिगडल्यावर लोक कुटं जातील? तुज्या कव्हराकडं?"

कल्पेशने भंगारवाल्याला खूण केली. त्याने स्प्रिंगा आणि पट्ट्यांच्या खणाला हात घातला, तशा मामी ताडकन उठल्या. "हात लावू नको!" त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला. सहाच्या सहा खण त्यांनी स्वतः ओढून काढले आणि दोन खेपांत शेजारच्या नीताच्या टेलरिंगच्या दुकानात नेऊन ठेवले.

कापायच्या टेबलावरचं अर्धं कापड नीताने गुंडाळलं. "हितं बसा. उजेड पन बरा हाय."

पाचव्या दिवशी एक गृहस्थ डीएस घेऊन कल्पेशच्या दुकानात आले. "आम्ही बंद केलं ते. हल्ली चालत नाही," कल्पेश म्हणाला.

"कोन बोलला चालत नाय?" शेजारून खणखणीत आवाज आला. "आना हिकडं!"

गृहस्थ आले. मामींनी डीएस उघडून, मिटून पाहिला. "बिजागरी गेलीय. बुधवारी या."

गृहस्थांनी त्या अर्ध्या टेबलाकडे, कात्रीकडे, ब्लाउजपिसांच्या ढिगाकडे संशयाने पाहिलं. "बुधवारी तुम्ही इथेच असाल ना?"

मामींनी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत 'बुधवार' लिहिलं, ती डीएसवर चिकटवली आणि नीताची ब्लाउजपिसं आणखी थोडी पलीकडे सरकवली.