गाडीची कारहुणवी

तळ्यातून गाडी बाहेर काढली तेव्हा तिच्याबरोबर एवढं आलं: बैल घासायचा काथ्या एक, हँडलला बांधलेली पितळी घुंगरमाळ एक, लाल गोंडे दोन, अंकुशरावांची डावी चप्पल, कुणाची तरी उजवी चप्पल आणि सायलेन्सरमधून एक खेकडा. खेकडा जिवंत होता. गाडीचं अजून सांगता येत नव्हतं.

ती पाण्याखाली किती वेळ होती यावर दोन मतं पडली. अंकुशराव म्हणाले, चार मिनिटं. काठावर बसलेले शरणप्पा म्हणाले, एक अख्खी बिडी. अंकुशरावांच्या लेकीने, पल्लवीने, दोन्हींची सरासरी काढायचा विचार केला आणि सोडून दिला.

गाडी तिची होती. दोनशे सीसीची, उंच, खडबडीत टायरांची, चिखलात उड्या मारायला बनवलेली डर्ट बाईक. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती हुमनाबादला एका डाळमिलच्या प्रयोगशाळेत लागली, तेव्हा हैदराबादेतून तिने ती जुनी घेतली होती. आज कारहुणवी, म्हणून तिला सुट्टी होती. कारहुणवीला निर्ण्याजवळच्या त्यांच्या वाडीत बैलांना तळ्यात धुतात, सजवतात आणि संध्याकाळी माळावरच्या पिंपळापासून वेशीतल्या तोरणापर्यंत पळवतात. रांगेत प्रत्येक घराची जागा ठरलेली. अंकुशरावांची पहिली, बावीस वर्षांची. पण ज्याचं जनावर एक वर्ष चुकलं त्याची जागा गेली, आणि गुडघे थकले म्हणून अंकुशरावांनी माघातच आपली जोडी शरणप्पांना विकली होती.

"मी गाडी आणतो," असं ते आठवड्यापूर्वी पारावर म्हणून बसले. मंडळी पोट धरून हसली, आणि मग शरणप्पांनीच अट घातली, "आण की. पण जनावर म्हणून आणायचं. तळ्यात धुऊन, सजवून. आणि तोरणाखालनं स्वतःच्या दमावर गेलं पायजे. ढकलायचं न्हाई."

म्हणून भल्या सकाळी, लेक उठायच्या आत, अंकुशरावांनी गाडी तळ्यात नेली. मांडीएवढ्या पाण्यात म्हशींनी केलेला खड्डा होता. पुढचं चाक त्यात गेलं, पाठोपाठ बाकीची गाडी गेली. कासरा बांधून तिला ओढून काढली ती शरणप्पांच्या, म्हणजे अंकुशरावांच्याच जुन्या बैलांनी.

"अप्पा, एकच सांगा," पल्लवी म्हणाली. तिचा आवाज फार शांत होता, आणि त्यालाच अंकुशराव घाबरले. "पाण्यात गेली तेव्हा इंजिन चालू होतं का बंद?"

"बैलाला चालू करून धुतेत व्हय?" अंकुशराव म्हणाले. "हाताला धरून नेली की मी."

पल्लवीने श्वास सोडला. चालू इंजिन पाणी पितं. पाणी दाबलं जात नाही, मग वाकतो तो आतला लोखंडी दांडा. बंद इंजिन फक्त भिजतं.

"मग आता कुणीबी किक मारायची न्हाई. हात लावायचा न्हाई."

"बघायचं बी न्हाई?" शरणप्पांनी विचारलं.

"बघा. लांबून."

अंगणात तिने आधी स्पार्क प्लग काढला आणि तो आईच्या, गीताबाईंच्या, हातात दिला. गीताबाईंनी तो पोळ्या झाल्यावर मंद तव्यावर ठेवला आणि उलथन्याने मधूनमधून फिरवत राहिल्या. "करपला तर सांगू नको," त्या म्हणाल्या. पेट्रोल ओतून टाकलं. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलऐवजी तळं होतं. एअर फिल्टरचा स्पंज पिळून दोरीवर वाळत पडला, साड्यांच्या शेजारी. वायरींच्या जोडांत सायकलच्या पंपाने हवा मारायचं काम अंकुशरावांना मिळालं. त्यांनी ते इतक्या मन लावून केलं की मधेच पंपाचा दांडा त्यांच्या हातात आला.

मग प्लगचं भोक उघडं ठेवून पल्लवीने किक मारली. भोकातून पिचकारी उडाली ती थेट शरणप्पांच्या नव्या धोतरावर.

"अय्यो! लांबूनच बघायलतो की ग!"

"अजून लांब व्हा, काका."

बारा किका मारल्यावर पिचकारी थांबली. पंधराव्या किकला नुसती वाफ आली. मग तिने खालचा बोल्ट सोडला. इंजिनात एक लिटर तेल होतं, निघालं एक लिटर तीनशे पन्नास मिली, रंग दुधाच्या चहाचा.

"तीनशे पन्नास पाणी," ती म्हणाली. "आता आत डिझेल आणि तेल घालून धुवायचं, काढायचं, परत नवं तेल घालायचं. दोन लिटर तरी पायजे."

घरात अर्धा लिटर होतं. हुमनाबादची दुकानं सणाची बंद. अंकुशरावांनी पंप खाली ठेवला आणि वेशीच्या दिशेनं पाहिलं, जिथे तोरण बांधायला शिडी लावलेली दिसत होती. बावीस वर्षं, आणि संपायची कशाने, तर तेलाने.

शरणप्पा उठले, ओलं धोतर झटकत घरी गेले, आणि ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा घेऊन आले.

"कामून द्यायलास?" अंकुशरावांनी विचारलं. "तुझीच जागा पहिली होईल की मग."

"हरवायचं तर पळणाऱ्याला हरवावं," शरणप्पा म्हणाले. "उभ्या राहिलेल्याला हरवून काय मिळतंय?"

तेल घालायचं भोक लहान, गाडीच्या फ्रेमखाली दडलेलं, आणि नरसाळं तिथे वळेना. अंकुशराव गोठ्यात गेले आणि बैलांना औषध पाजायची, तोंडाशी तिरकी कापलेली बांबूची नळी घेऊन आले. नळी बसली, जणू त्यासाठीच कापली होती.

"हे बघ," ते खूश होऊन म्हणाले, "आज बैलांना हळद, तेल आणि अंडी पाजायची असतेत. हिला एक अंडं?"

"अप्पा!"

"अर्धं?"

दोनदा धुऊन, दोनदा काढून, शेवटचं तेल भरेपर्यंत साडेचार झाले. टाकीत ताजं पेट्रोल पडलं, तव्यावरचा गरम प्लग बसला. पहिल्या किकला काही नाही. दुसरीला काही नाही. सातवीला एक शिंक. अकराव्या किकला गाडी सुरू झाली, पांढऱ्या धुराने अख्खं अंगण भरलं, आणि धुरातून अंकुशरावांचा आवाज आला, "खोकायला लागलीय, पण जगली!"

पाच वाजता पिंपळाखाली अकरा जागा भरल्या. पहिल्या जागेवर हळदीचे पट्टे ओढलेली, घुंगरमाळ घातलेली गाडी, वर पल्लवी. दुसऱ्या जागेवर शरणप्पा, अंकुशरावांच्या जुन्या जोडीसकट. खूण झाली. जनावरं सुटली आणि गाडी जागेवरच विझली.

पल्लवी किका मारत राहिली. नऊ जोड्या कधीच पुढे गेल्या होत्या. शरणप्पांची जोडी मात्र अर्ध्यावर माळाच्या बांधाकडे वळली होती आणि ते तिला परत वळवत होते. तेवढ्यात गाडी खोकली, उडाली आणि पल्लवीला घेऊन भलत्याच वेगाने वेशीकडे निघाली. कडेने अंकुशराव थकल्या गुडघ्यांनी पळत होते. बावीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघालं:

"होऽ! होऽऽ!"

गाडी थांबली नाही. शरणप्पांचे बैल जागच्या जागी थांबले.

"अरे चला की!" शरणप्पा ओरडले. बैल मान वळवून जुन्या मालकाकडे बघत उभे.

पिंपळ ते तोरण, दोनशे चाळीस मीटर. गाडी: एक मिनिट सहा सेकंद, स्वतःच्या दमावर, अकरांत दहावी. शरणप्पांची जोडी: चार मिनिटं वीस सेकंद, अकरावी.