वैद्यनाथ रावांचा ए

चैत्राने दोन मोठे कागद टेबलावर शेजारी शेजारी पसरले आणि पंख्याने उडू नयेत म्हणून कडेला स्टीलचे पेले ठेवले. दोन्हींवर एकच शब्द होता, ‘वसंता’, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. अक्षरं उजवीकडे कललेली, जाड दांड्यांची, आणि जिथे बारीक तिथे अगदी केसाएवढी.

अक्षरं तिच्या वडिलांची होती. वैद्यनाथ रावांनी चाळीस वर्षं कुंभकोणममधल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. चैत्रा फिजिक्स शिकून चेन्नईच्या एका कंपनीत फॉन्ट बनवते. तिने जुन्या पाट्यांचे फोटो मोजून त्यांच्या अक्षरांचा फॉन्ट केला होता, फक्त मोठ्या मथळ्यांसाठी. लहान आकारात त्या बारीक रेघा टिकत नाहीत. सोमवारी तो वडिलांच्या नावाने बाहेर पडणार होता. त्यांची संमतीची सही तेवढी राहिली होती.

“दोन कशाला गे?” रावांनी विचारलं.

“डावीकडचा तुमच्या पाटीवर होता तसा, अप्पा. उजवीकडचा मी सुधारलेला.”

राव डावीकडच्या कागदावर वाकले आणि लगेच सरळ झाले. “ही चूक तशीच ठेवलीस?”

इंग्रजी ए चा डावा पाय बारीक आणि उजवा जाड असतो. रावांच्या ए चा डावा जाड होता. व्हीचा मात्र उजवा, जिथे एरवी डावा असतो. कारण चैत्राला कोन मोजताना सापडलं होतं. रावांचं घर तंजावरी मराठी; लहानपणी त्यांच्या आजोबांनी त्यांना घरी बोरूने बाळबोध गिरवायला लावलं होतं. बोरूचं टोक इंग्रजी टाकाच्या विरुद्ध बाजूला तिरकं कापतात. पुढे हातात चपटा ब्रश आला, तो त्यांनी बोरूसारखाच धरला. गावातले बाकीचे पेंटर तमिळ; त्यांच्या घरी बोरू नव्हता, त्यामुळे ही चूकही नव्हती.

“एका कॉलेजने माझी पाटी पुसायला लावली होती,” राव म्हणाले. “सगळ्यांसमोर. म्हणाले, राव, आधी ए शिकून या. तें तूं आतां जगभर दाखवणार? सुधारलेला पाठव. त्यावर सही करतों.”

“सुधारलेला तुमचा राहत नाही, अप्पा. तसे शंभर आहेत.”

“असूं देत. शंभर शहाण्यांत मीही बसतों.”

नाव त्यांचं जाणार होतं. तिने संमतीपत्र काढून उजवीकडच्या कागदावर ठेवलं.

तेवढ्यात पेपर वाचायला कृष्णमूर्ति आले. तेही निवृत्त पेंटर, एके काळचे रावांचे प्रतिस्पर्धी. “काय राव, निवडणुकीला उभे राहिलात?” त्यांनी तमिळमध्ये विचारलं आणि कागदांवर नजर टाकली. “हा उजवीकडचा कुणाचा?”

“माझा.”

“थापा मारू नका. ही कुणा वाण्याची लग्नपत्रिका दिसतेय.” त्यांनी डावीकडच्या ए वर बोट ठेवलं. “तुम्ही हे. स्वामीमलैला जाणाऱ्या बसमधूनसुद्धा तुमचा ए ओळखू यायचा. बायकोला म्हणायचो, बघ, इथेही राव माझ्याआधी पोचला.”

“डावरा ए म्हणून हसायचात.”

“हसायचो.” कृष्णमूर्ति खुर्चीवर बसले. “काढूनही पाहिला. एका कापडवाल्याला तशीच पाटी हवी होती आणि तुम्ही आजारी होतात. दोन दिवस घासलं. हात वळेना. शेवटी त्याला सांगितलं, राव बरे होईपर्यंत थांब.”

“मला बोलला नाहीत कधी.”

“तुम्हाला कशाला सांगू? आणखी चढला असतात.”

राव हसले नाहीत. त्यांनी डावीकडचा कागद पेल्यांखालून ओढून घेतला आणि बराच वेळ पाहिला, दुसऱ्याचं काम पाहावं तसा. मग संमतीपत्र त्यावर ठेवून सही केली.

“सरि, बरं. हाच जाऊं दे,” ते चैत्राला म्हणाले. “पण फॉन्टच्या माहितींत चूक म्हणून लिहूं नको.”

“चूक नाही लिहिलेलं. ‘उलट’ लिहिलंय.”

“कुणाच्या उलट?”

चैत्राने विचार केला. प्रश्न योग्य होता. तिने लॅपटॉप उघडला, तो शब्द खोडला, आणि त्या जागी रेघेचा कोन अंशांत लिहिला.