आस्लाक आला का?

सोमवारी सुन्ना म्हातारीला शहरातल्या वृद्धाश्रमात न्यायचं ठरलं होतं, आणि शनिवारी दुपारी तिनं हट्ट धरला की जाण्याआधी एकदा मला घसरगाडीतून डोंगराकडे फिरवून आणा. मोटार नको, बर्फावरची स्कूटर नको. रेनडिअरच हवा आणि त्याच्या गळ्यात घंटा हवी. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही डोळे काचबिंदूनं गेलेले, बाहेर उणे एकतीस. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, त्यातली गत.

तिला काय हवं होतं ते घरात दोघींनाही, तिला आणि तिच्या मुलीला, ठाऊक होतं. तिला आस्लाक हवा होता. आस्लाक तिचा मुलगा. चौदा वर्षांपूर्वी मे महिन्यात लांबतळ्याच्या कुजक्या बर्फातून खाली गेला. असं अवेळी, अपघातानं गेलेलं माणूस हिवाळ्यात आभाळात उजेड होऊन येतं, हे फिनमार्कच्या या ध्रुवाकडच्या पठारावर चर्चमधल्या पहिल्या बाकावर बसणारी माणसंसुद्धा मानतात. पाद्र्यासमोर बोलत नाहीत, एवढंच. तो हिरवा उजेड आला की कोणी शिट्टी घालत नाही, हात हलवत नाही, आणि रेनडिअरच्या घंटेत वाळलं गवत कोंबून ती मुकी करतात. आवाजानं वरची माणसं चिडतात.

डोळे होते तोवर म्हातारी रोज संध्याकाळी स्वतः दारात उभी राहायची. डोळे गेल्यावर तीन हिवाळे ती रावनाला विचारत आली, "आस्लाक आला का?" रावना तिची मुलगी, सत्तेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची, आईचं आंघोळपाणी करणारी. उजेड आलेला असला की ती आला म्हणून सांगायची. त्या बाबतीत तिनं आईला कधी फसवलं नव्हतं. फसवणूक झाली होती ती उलट्या बाजूनं.

झालं होतं असं की रावनाच्या दोन गाभण माद्या तळ्यापलीकडे राहिल्या होत्या आणि आस्लाक त्या आणायला बर्फावरून निघाला तो परत आला नाही. त्याला पुरलं त्या दिवशी म्हातारी अख्ख्या गावासमोर म्हणाली, "रावनानं धाडलं माझ्या पोराला." गावाला तेवढं पुरलं. रावनानं धाडलं नव्हतं. उलट तिनं सांगितलं होतं की राहू देत माद्या, उद्या मी काठाकाठानं स्कीवरून जाऊन आणते, आणि ती कुंपण बांधायला गेली. अर्ध्या तासानं परत आली तेव्हा आस्लाक गेलेला होता आणि घरात एकटी आई होती. त्या अर्ध्या तासात काय झालं ते आईलाच ठाऊक. चौदा वर्षं रावना विचारत आली, आणि तिनं विचारलं की म्हातारीला नेमकी कॉफीची आठवण व्हायची.

त्या एका वाक्यानं रावनाचं फार गेलं. इसातशी तिचं लग्न ठरल्यात जमा होतं. इसात आस्लाकचा जिवाभावाचा मित्र. त्यानं पुढे दुसरीकडे लग्न केलं नाही आणि हिच्याकडे मान वर करून पाहिलंही नाही. आता तो बाहेरून आलेल्या पाहुण्यांना घसरगाडीतून उजेड दाखवायला नेतो. म्हातारीचा निरोप गेला तसा तो आला, कारण म्हातारी आस्लाकची आई होती.

रावनाला सोमवारच्या आत एवढंच हवं होतं की आईनं एकदा, कोणासमोर तरी, आणि जमलं तर इसातसमोर, म्हणावं की हिनं धाडलं नाही. एकदा ती शहरात गेली की हे म्हणणारं गावात कोणी उरणार नव्हतं.

इसातनं काळ्या नावाचा आपला सगळ्यात शांत रेनडिअर जुंपून आणला. दोघांनी मिळून म्हातारीला कातड्यांत गुंडाळून गाडीत बसवलं. म्हातारी इसातला म्हणाली, "ही तोंडानं काहीही सांगेल. मी घंटेवर कान ठेवणार. तो आला की घंटा मुकी करायची, म्हणजे मला कळेल."

"बरं, मावशी," इसात म्हणाला. त्यानं वाळल्या गवताची मूठ रावनाच्या हातात दिली, तेही तिच्या हातमोज्याकडे बघत, आणि घराच्या कुंपणाशी वाट पाहत थांबतो म्हणाला.

पाच वाजले होते. दिवस असा उगवलाच नव्हता, आणि दुपारी जरा फटफटलं होतं तेही दोनला विझलं. रावना पुढे दावं धरून बसली. खाली बर्फ करकरत होता, घंटा वाजत होती, आणि मागून म्हातारीचं तोंड सुरू होतं. दावं सैल धर म्हणाली. आस्लाकच्या हातात रेनडिअर कसा लोण्यासारखा वळायचा म्हणाली. वृद्धाश्रमात उकडलेला मासा देतात असं ऐकलंय, म्हणजे तुझ्या हातचं खाऊन सवय झालीय ती बरंच झालं म्हणाली. रावनानं दावं सैल केलं नाही. हे सगळं तिला पाठ होतं.

मग बर्चची झाडं संपली आणि म्हातारी, कोणाला उद्देशून नाही अशा आवाजात, म्हणाली, "बर्फाला डोळे नसतात. नाहीतर दोघांतलं एक नेताना नीट निवडलं असतं."

रावनानं मागे वळून पाहिलं नाही. कातड्यांच्या ढिगात म्हातारी आरामात बसली होती, आपण काही विशेष बोललो असं तिला वाटलंही नसेल. चौदा वर्षं हे वाक्य त्या घरात न बोलता वावरत होतं. आज बोललं गेलं.

आणि थोड्याच वेळात आस्लाक आला.

आधी उत्तरेच्या डोंगरामागून एक फिकट पट्टा वर चढला, मग तो पसरला, हलला, आणि बघता बघता अर्धं आभाळ हिरवं झालं. कडेला तांबडं होतं. बर्फ हिरवा दिसायला लागला, काळ्याची शिंगं हिरवी दिसायला लागली. काळ्या आपोआप थांबला. त्याला शिकवलेलंच होतं की उजेड आला की थांबायचं, कोणीतरी उतरून घंटा मुकी करतं. रावनाचा हात सवयीनं गवताकडे गेला.

"का गं थांबलीस? आला का?"

रावनानं गवत खिशात घातलं आणि दाव्याला असा हिसडा दिला की घंटा नेहमीपेक्षा मोठ्यानं वाजली.

"नाही," ती म्हणाली.

"ढग आहेत?"

"ढगही नाहीत. आभाळ स्वच्छ आहे. चांदण्या सगळ्या आल्यात. तोच आला नाही."

हे वाईट केलं तिनं. नुसतं ढग आहेत म्हणाली असती तरी म्हातारीला काहीतरी धरायला उरलं असतं. आंधळ्या माणसाशी, तेही जन्मदातीशी, असं कोणी वागू नये हे रावनालाही कळत होतं, आणि तिला बरं वाटत होतं. भीतीही वाटत होती. डोक्यावर उजेड आणि खाली घंटा वाजतेय असं त्या गावात कोणी केल्याचं तिनं ऐकलं नव्हतं. दर ठोक्याला तिचे खांदे आकसत होते, तरी तिनं काळ्याला चालतं ठेवलं.

म्हातारीनं पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. पाचव्यांदा नाही ऐकल्यावर तिनं आस्लाकची धून धरली. ज्याची त्याची एक धून असते इकडे. आस्लाकची त्याच्या आईनंच तो पाळण्यात असताना बांधलेली. ती धून गाणं म्हणजे त्याला हाक मारणं, आणि उजेडाखाली हाक कोणी मारत नाही. म्हातारीला काय माहीत? फाटक्या आवाजात ती गात राहिली, आणि वर उजेड खाली खाली येतोय, झाडांच्या शेंड्यांना लागतोय असं रावनाला दिसत होतं. आईच्या तोंडावर हात दाबावा असं तिला वाटलं. तिनं दाबला नाही.

गाणं मधेच तुटलं. म्हातारी रडत होती. तिचं रडणं रावनानं आस्लाकच्या मातीनंतर पहिल्यांदा ऐकलं.

"रागावलाय तो," म्हातारी म्हणाली. "जातानाही भेटत नाही म्हणजे रागावलाय."

"तुझ्यावर कशाला रागावेल?" रावना म्हणाली. "त्याला तर मी धाडलं ना? रागावला तर माझ्यावर रागावेल."

चोराच्या मनात चांदणं असतं. म्हातारी बोलली ती एका दमात.

"तू नाही धाडलंस. तो म्हणाला, आई, बर्फ पोकळ झालाय, रावना उद्या काठानं जाणार आहे. मी म्हणाले, मग जा की तिच्या मागं मागं. तुझा बाप याच बर्फावरून, याच दिवसांत सुईणीला घेऊन आला होता. तुझा जन्म झाला तो त्याच्या छातीमुळं. तू आपला बहिणीचा पदर धर. त्यानं कप खाली ठेवला आणि गेला. मी हसले गं, रावने. तो दारातून बाहेर पडला तेव्हा मी हसत होते."

घंटा वाजत होती. चौदा वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं होतं, पण ऐकायला ती स्वतः आणि एक रेनडिअर.

"हे इसातला सांगशील?"

"सांगते. इसातला सांगते, उद्या चर्चच्या दारात उभी राहून सगळ्यांना सांगते. पण त्याला एकदा येऊ दे. तो आला की मी समजेन, त्यानं मला माफ केलं. मग मला कोणाचं भय नाही."

आता करायचं काय होतं? खाली उतरायचं आणि घंटेत गवत कोंबायचं. उजेड तर तिथं होताच, खोटंही बोलावं लागणार नव्हतं. आईला मुलगा मिळाला असता, रावनाला तिचं नाव परत मिळालं असतं, आणि सोमवार सुखानं आला असता. कोणीही शहाण्या माणसानं तेच केलं असतं. रावनाचा हात खिशात गेलासुद्धा.

पण ते हसणं तिच्या कानातून जाईना. आपल्या चौदा वर्षांपुढे हिचा एक तास म्हणजे काय, असं तिच्या मनात आलं. थोडं अजून. तळ्याच्या वळणापर्यंत रडू दे. वळण आलं, गाडी घराकडे वळली आणि वळण मागे गेलं. मग तिनं ठरवलं, पडक्या झोपडीपर्यंत. मागे म्हातारी आता नुसती पुटपुटत होती, "ये रे, एकदा ये," आणि रावनानं ते शब्द न् शब्द ऐकून घेतले. दुसऱ्याचे हाल करण्याची चव एकदा जिभेला लागली की पुरे म्हणवत नाही. झोपडीही मागे पडली, आणि कुंपण दिसायला लागलं तेव्हा कुठं तिनं काळ्याला थांबवलं, गवत बाहेर काढलं आणि उतरली.

तेवढ्यात इसात समोरून धावत आला. त्याला घंटा लांबूनच ऐकू आली होती. तो रावनाशी एक शब्द बोलला नाही. तिच्या हातातलं गवत ओढून घेतलं, काळ्याच्या गळ्याशी वाकला आणि ते घंटेत कोंबलं.

एकदम शांत झालं. म्हातारीनं मान वर केली. तिचा चेहरा असा उजळला की रावनाला तिचा तरुणपणचा चेहरा आठवला.

"आला?" ती म्हणाली. "आत्ता आला?"

"आत्ता कुठं, मावशी," इसात म्हणाला. त्याला धाप लागली होती. "तास होऊन गेला. सगळं आभाळ पेटलंय, दहा वर्षांत असा बघितला नाही. घंटा वाजवत कशा आलात तुम्ही?"

म्हातारीनं तोंड उघडं ठेवून ते ऐकलं. मग मिटलं.

"आई," रावना म्हणाली, "त्याला सांग. मला सांगितलंस ते सांग."

"तास झाला म्हणतोस?" म्हातारीनं इसातला विचारलं.

"तासाच्या वर."

"मी गाऊन बोलावत होते रे त्याला. ही म्हणत होती, चांदण्या आहेत." म्हातारीचा आवाज आता नेहमीसारखा होता, रडणं कुठल्या कुठं गेलं होतं. "ऐकून ठेव, इसात. तेव्हाही हिनंच त्याला धाडलं. आज माझ्या भेटीला आला होता, तर आजही हिनंच परत धाडलं."

इसातनं चौदा वर्षांत पहिल्यांदा रावनाच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तोंड स्पष्ट दिसण्याइतका उजेड होता. आई खोटं बोलतेय असं सांगायला रावनानं ओठ उघडले, पण आज खोटं कोण बोललं होतं ते तिघांनाही ठाऊक होतं. इसातनं म्हातारीला कातड्यांसकट उचललं आणि घरात नेलं.