बाई उठल्या की मी जिंकते

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. माझ्यावर एक आरोप आहे आणि तो मला मुळीच मान्य नाही.

सुताराने मला तिकीट खिडकीसाठी बनवले. तिथे एक बाई तीस वर्षे माझ्यावर बसून तिकिटे देत होत्या. "ही कधी कुरकुरत नाही," असे त्या कौतुकाने सांगत. त्या निवृत्त झाल्या, तेव्हा कचेरीने मलाही त्यांच्याबरोबर घरी पाठवले.

घरी बाईंचे वजन वाढत गेले. मी कुरकुरले नाही, पण त्यांचे गुडघे कुरकुरू लागले. बाईंची सत्तरी उलटल्यावर त्यांचा मुलगा म्हणाला, "आई, सगळा दोष या खुर्चीचा. दिवसभर हिलाच चिकटून असतेस!" त्याने मग आईचे ताट निम्मे केले. सकाळी काकडी, संध्याकाळी पातळ सूप. दोन महिन्यांत सात किलो उतरले आणि घरात आनंदीआनंद झाला. मला मात्र धडकी भरली होती. वजनकाट्याला फक्त किलो कळतात. उठताना बाई माझ्या हातांवर रोज जास्त जोर देत होत्या, ते मलाच ठाऊक होते.

एका सकाळी त्या उठायला गेल्या आणि धपकन परत बसल्या. असे तीनदा झाले. बाथरूम दहा पावलांवर होते. मुलगा कामावरून येईपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या आणि खूप रडल्या.

मुलगा मला अडगळीत टाकून दिवसभरासाठी आया ठेवायला निघाला. पण बाईंना तपासायला घरी आलेल्या डॉक्टरीणबाईंनी त्यालाच फैलावर घेतले. "उपाशी ठेवून चरबीबरोबर ताकदही घालवलीत! या वयात वजन सावकाश उतरवायचं. ताटात डाळ, अंडं, दूध हवं. आणि खुर्ची इथेच राहील. हिच्यावरच व्यायाम करायचाय."

ऐकलेत ना? मला भिंतीला टेकवून ठेवले. रोज दोन वेळा उठा, बसा, उठा, बसा. आधी माझे दोन्ही हात धरून, मग एकच. वजन आता रडतखडत उतरते. उतरू दे!

काल मुलाने सवयीने हात पुढे केला. "हात लावू नकोस," बाई म्हणाल्या. छातीशी हातांची घडी घालून त्या उठल्या, एकट्या बाथरूममध्ये गेल्या आणि दार आतून लावून घेतले.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे किलो खुशाल मोजा. पण त्यांना आपले आपण उठता येते का, तेही बघा. आणि मला नावे ठेवायला आलाच असाल, तर जरा थांबा. बाई आता घरात नाहीत, चालायला गेल्या आहेत.