मनगटाची शीर

मानसिंगनं पारावर चारचौघांत आपलं लोंबतं मनगट दाखवलं आणि ही चंद्राबाईची करणी आहे म्हणून सांगितलं. ऐकून चंद्राबाईच्या डोक्यात तिडीक गेली. सांगलीच्या दवाखान्यात वीस वर्षं आया म्हणून राबून ती पलूसला परतली होती. गावातल्या बायका बाळंतपणाला तिलाच बोलवत. हा आळ चिकटला, तर तिला दारात कोण उभं करणार?

ती तडक पारावर आली. हे कधी झालं, म्हणून तिनं दरडावून विचारलं. मानसिंगनं सांगितलं, सांगलीला हळद विकून येताना तो रिकाम्या गाडीत झोपला होता, बैल वाटेला सरावलेले होते, उठला तर मनगट पडलेलं.

"आन् हात कुटं व्हता?"

"गाडीच्या फळीवरनं भाईर टाकलेला, काकी."

"इतका येळ दंड दबला तरी जाग न्हाई? किती ढोसली व्हतीस?"

माणसं हसली. मानसिंगनं मान खाली घातली.

चंद्राबाईनं त्याचं मनगट खालून सरळ उचलून धरलं आणि आपली बोटं दाबायला सांगितली. त्यानं अशी आवळली, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं हात सोडला नाही.

"बघा. मांस आपल्या मनानं हालत न्हाई. मणक्यातनं शीर येती, तिच्यात बारीक धागं असत्यात. एकेक धागा मांसातल्या आपल्या वाटणीच्या तंतूंना हुकूम देतो, तवा ते आखडत्यात आन् जोर येतो. तांब्या उचलायला थोडं धागं पुरत्यात, पोतं उचलायला झाडून सगळं लागत्यात. मूठ वळायची शीर निराळी, ती शाबूत हाय. मनगट उचलायची शीर दंडाच्या हाडाला लागून जाती, ती फळीवर चेंगरली. हुकूमच पोचंना, त्यात माझी करणी कसली?"

मनगटाखाली बांबूची कामटी बांध, दीड-दोन महिन्यांत हात वर येईल, असं सांगून ती निघून गेली. पण दोन महिने तिला एकाही घरातून बोलावणं आलं नाही. नदीवर बायका घागर उचलून बाजूला सरत. तिचा राग रोज नव्यानं पेटत होता.

एके दिवशी मानसिंग तिच्या दारात आला. मनगट वरखाली करून दाखवत त्यानं हात जोडले आणि चुकलो म्हणाला.

चंद्राबाई अंगण सारवत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"आळ हितं घेतला व्हतास व्हय रं?"

तिनं शेणाचे हात धुतले, पदर खोचला आणि पाराच्या वाटेनं त्याच्या पुढे चालू लागली.